जिनिंगमधला डोंगर

गेवराईत डोंगर नाही. नजर जाईल तिथवर काळी सपाट जमीन, तिच्यात कपाशी, ऊस आणि मधून धडधडत जाणारा हायवे. डोंगर पाहायचा तर बालाघाटाकडं तोंड करून बसावं लागतं. अशा गावात विजयसिंहानं बापाच्या बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडात लाकडाचा डोंगर उभा केला आणि दारावर 'इनडोअर माउंटन बाइक पार्क' असा फलक लावला, तेव्हा गाव पोट धरून हसलं. सायकल चालवायला तिकीट काढून पत्र्याच्या शेडात जायचं म्हणजे काय! हॉटेलावर बसलेल्या एका रिकामटेकड्यानं तर जाहीर करून टाकलं की, आमच्या गल्लीतून एकदा सायकल काढा, तेच सगळं फुकटात मिळतंय.

हसणाऱ्यांचं हसून झालं. दोन वर्षं ते पार्क चाललं, म्हणजे लंगडत लंगडत चाललं. सुरुवातीला बीडहून, संभाजीनगरहून गाड्या भरून पोरं यायची. मग नव्याचे नऊ दिवस संपले. अखेर बापानं शेड गोदामासाठी देऊन टाकलं आणि कापसाचा हंगाम लागायच्या आत ते मोकळं करून द्यायचं ठरलं. गावाला त्याचं सोयर नाही की सुतक नाही. एका जाईबाईच्या काळजात मात्र ही बातमी काट्यासारखी रुतली. तो डोंगर तिच्या पोरानं, प्रवीणनं बांधला होता. प्रवीण आता या जगात नव्हता. आणि तो असताना 'माय, एकदा येऊन बघ' म्हणून किती वेळा गळ घालूनही जाईबाई तिथं एकदासुद्धा गेली नव्हती.

जाईबाईचं माहेर धर्मापुरीकडचं. लग्न होऊन ती गेवराईला आली तेव्हा हीच जिनिंग रात्रंदिवस चालायची. नवरा भारत तिथं हमाल, कापसाच्या गठाणी उचलायचा. जाईबाई बायकांच्या रांगेत बसून कापसातली कवडी वेचायची, म्हणजे किडका, न उमललेला कापूस बाजूला काढायची. कापसाचं तूस नाकातोंडात जायचं, केसांवर बसायचं. घरी आली की लहानगा प्रवीण टाळ्या पिटायचा, 'माय म्हातारी झाली, माय म्हातारी झाली.' पौर्णिमा, त्याची थोरली बहीण, फडक्यानं आईचं डोकं झटकायची. एका पावसाळ्यात भारतला कावीळ झाली आणि तो गेला. पुढं जिनिंगही बंद पडली. त्या शेडानं जाईबाईला बरीच वर्षं खायला घातलं हे खरं, पण निरोप देताना जन्माचा खोकलाही पदरात टाकला.

प्रवीण दहावीनंतर शाळा सोडून शहादेव मुकादमाच्या हाताखाली सेंट्रिंगच्या कामाला लागला. दोन वर्षांत त्याचा हात असा बसला की शहादेव त्याला मिस्तरी म्हणायला लागला. शहादेव तोंडाचा फटकळ, पण हाताखालच्या माणसाची किंमत जाणणारा. जाईबाईही त्याच टोळीत आली. पोरगा वर फळ्या ठोकायचा, आई खाली लोखंडी प्लेटा घासायची, त्यांना तेल लावायची, उतरवलेल्या फळ्यांचे खिळे उपसायची, वाकडे झालेले दगडावर ठेवून सरळ करायची. दुपारी एकाच डब्यात दोघं जेवायची. टोळीतले लोक म्हणायचे, मायलेकरांचा संसार स्लॅबखाली चाललाय.

सेंट्रिंगचं काम मोठं अन्यायाचं असतं. घर बांधणाऱ्याचं घर राहतं, रंगाऱ्याचा रंग राहतो, फरशीवाल्याची फरशी राहते. सेंट्रिंगवाला बल्ल्या उभ्या करतो, फळ्या जोडतो, प्लेटा अंथरतो, अख्ख्या स्लॅबचं ओझं त्यांच्यावर तोलून धरतो. आणि स्लॅब पक्का झाला की त्यालाच बोलावून सांगतात, आता तुझं काढून ने. त्याचा सगळा कारभार टेम्पोत भरून पुढच्या गावाला जातो. मागं काही उरत नाही. वास्तुशांतीच्या जेवणालाही त्याला कुणी बोलवत नाही. एकदा जेवताना प्रवीण हसत हसत म्हणाला होता, "माय, आपुन जलमभर बांधतो ते समदं काढून टाकायसाठीच की गं." जाईबाई म्हणाली, "जेव गुमान. काढायचं हाय म्हणून तर रोज मिळतो."

पोराला एकच नाद होता, सायकलचा. बापाच्या दांडीच्या सायकलवर पाय पुरत नसताना तो दांडीखालून पाय घालून कैची मारायचा. मोठा झाल्यावर रविवारी कॅनॉलवर जायचा आणि भरावाच्या उतारावरून ती जुनाट सायकल अशी सोडायचा की बघणाऱ्यानं डोळेच मिटून घ्यावेत. तिथंच त्याला विजयसिंहानं पाहिलं. विजयसिंह त्याच्याच वयाचा, पण घराणं जमीनदाराचं, बाप राजकारणातला, शिक्षण पुण्याचं. पुण्याहून तो महागाची सायकल आणि डोक्यात या पार्कचं खूळ घेऊन आला होता. त्यानं प्रवीणला मोबाइलवर परदेशातल्या लाकडी ट्रॅकचे व्हिडिओ दाखवले आणि विचारलं, असं बांधता येईल का? प्रवीणनं दोनदा बघितलं आणि म्हणाला, "भैय्या, हे तर जिन्याचंच सेंट्रिंग हाय. पायऱ्या तेवढ्या न्हाईत."

मग दसऱ्यापर्यंत तो टोळीत आलाच नाही. सकाळी त्या शेडात जायचा तो अंधार पडल्यावर घरी यायचा. जेवताना दुसरा विषय नाही. आज चढ झाला, आज वळण झालं, वळण कसं तर जत्रेतल्या मौत का कुआँसारखं उभं, सायकल आडवी होऊन जाती त्यावरनं. जाईबाईला राग यायचा. धडधाकट पोरगा घरांची कामं सोडून श्रीमंतांच्या लेकरांची खेळणी करत बसलाय, असं तिला वाटायचं.

"उद्या चालू होतंय, माय. सुट्टी घे अन् ये."

"उद्या शहादेवभाऊचा स्लॅब हाय. माणसं कमी हायत."

पौर्णिमा नवऱ्याला घेऊन केजहून एसटीनं आली, पार्क बघून डोळे मोठे करत परतली. "माय, लई भारी केलंय गं त्यानं. लोक वर बघतच ऱ्हायले." जाईबाई भाकरी थापत म्हणाली, "तू बघितलंस ना? मंग मी बघितल्यावानीच."

त्यानंतरही प्रवीण म्हणत राहिला. रविवारी चल, सणाला चल, जाता जाता दोन मिनिटं चल. तिचं उत्तर ठरलेलं. त्या शेडात पाय ठेवला की खोकला येतो. आज गुडघा दुखतोय. आज धुणं पडलंय. शेवटी शेवटी तो चिडायचा आणि ती हसून म्हणायची, "अरं येईन की! डोंगर हाय तो, पळून चाललाय व्हय?"

डोंगर पळाला नाही. पोरगाच गेला. चैत्राच्या उन्हात एका घराच्या दुसऱ्या मजल्यावर काम चालू होतं. खालून सळया वर ओढून घेत होते. प्रवीणच्या हातातली सळई वळली आणि वरून गेलेल्या विजेच्या तारेला लागली. जाईबाई खाली प्लेटा घासत होती. मोठा आवाज झाला, तिनं वर पाहिलं. पुढचं सांगण्यासारखं नाही. दवाखान्यातून त्याला पांढऱ्या कापडात बांधूनच आणलं आणि सोडू नका म्हणाले. पोराच्या अंगावरून शेवटचं पाणी घालायचंही आईच्या नशिबी आलं नाही. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली तिसरी तसबीर लागली, तिच्यात तो हसतोय.

तेव्हापासून जाईबाई जिनिंगचा रस्ता टाळायला लागली. बाजाराला जायचं तर लांबून, मशिदीच्या मागच्या बोळानं जायची. पौर्णिमा दोनदा म्हणाली की चल, आता तरी बघून येऊ, जीव हलका होईल. ती म्हणाली, "जित्तेपणी बोलवीत हुता तवा गेले न्हाई. आता कोन्त्या तोंडानं जाऊ?" पौर्णिमानं पुन्हा विषय काढला नाही.

आणि आता शहादेव मुकादम दारात येऊन उभा होता. आला तो आलाच, पण बसेना. टोपी काढायची, पुन्हा घालायची. पाणी दिलं ते एका घोटात संपवलं आणि भांड्याच्या बुडाकडं बघत राहिला.

"जाईआक्का, एक काम आलंय. उतरवायचं." तो थांबला. "जिनिंगमधलं."

जाईबाई सूप घेऊन ज्वारी पाखडत होती. सूप मांडीवर तसंच राहिलं.

"मी न्हाईच म्हणणार हुतो," शहादेव घाईघाईनं म्हणाला, "पर न्हाई म्हणलं तर बीडचा ठेकेदार येतोय. त्याला काय, मशीन घालून दोन तासात भुगा करील. आपल्या पोराचं काम, आपल्या हातानं निघालेलं बरं, असं मला वाटलं. तुमी येऊ नका. तुमाला नुसतं कानावर घालायला आलतो."

तिनं सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "धम्मचक्र दिन होऊ द्या. दुसऱ्या दिशी येते मी."

"आक्का, तुमी कावून येता?"

"त्याला आंघोळ घालायची ऱ्हायली माझी."

शहादेवसारखा माणूस, ज्यानं उभ्या आयुष्यात कुणाचं ऐकून घेतलं नाही, तो मान खाली घालून निघून गेला. फोनवर पौर्णिमा रडली, भांडली, म्हणाली की माय, तू दगडाची हायेस का? जाईबाईनं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. दुसऱ्याच्या हातानं ते निघू द्यायचं नाही, एवढंच तिच्या डोक्यात पक्कं होतं. पांढरं लुगडं नेसून ती विहारात गेली, वंदना घेतली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कामाचं लुगडं नेसून, डबा बांधून, घरातली पहार खांद्यावर टाकून जिनिंगकडं निघाली. पहार प्रवीणचीच होती.

शेडाचं दार तेच होतं, लोखंडी, सरकवायचं. आत पाय टाकला आणि ती थबकली. कापसाचा वास येईल अशा तयारीनं तिनं पदर नाकाला लावला होता, पण वास आला तो रबराचा आणि लाकडाचा. ज्या भिंतीला टेकून बायका कवडी वेचायच्या तिथं निळी-लाल हेल्मेटं ओळीनं टांगली होती. गठाणींच्या जागी स्पंजच्या गाद्यांचा हौद होता, पोरांना उडी मारून पडायला. जमिनीवर लाकडाच्या लाटाच लाटा, एकीतून दुसरी निघालेली. तिथून एक वळण भिंतीसारखं उभं होत गेलेलं. आणि या सगळ्याच्या मागं, शेडाच्या पार टोकाला, पत्र्याला टेकेल की काय असा तो डोंगर.

तिला वाटलं होतं, असेल पुरुषभर उंचीचा. पोरगा वाढवून सांगतोय. पण त्यानं कमीच सांगितलं होतं. तीन बाजूंनी वर गेलेले रस्ते, माथ्यावर थोडी सपाट जागा, आणि पुढून उतार, मधेच तुटलेला, परत सुरू झालेला. एवढं मोठं धूड, पण कुठं बोजड नाही. हरणाच्या पाठीसारखा त्याचा बाक उतरत आला होता. दुरून डोंगर साजरे म्हणतात. हा जवळ गेलं तसा अधिकच साजरा दिसत होता. जाईबाईला एकदम अभिमान वाटला आणि त्याच दमात स्वतःची लाज वाटली.

विजयसिंह पुढं आला. गेल्या दोन वर्षांत त्याच्या चेहऱ्यावरचा पुण्याचा तजेला उतरला होता. "मावशी, तुम्ही कशाला आलात?" म्हणत त्यानं एक खुर्ची ओढून समोर ठेवली. ती बसली नाही. कामावर आलेली बाई खुर्चीत बसत नसते. तिनं चपला पायथ्याशी काढल्या, फळीवर चढताना सेंट्रिंगवाले काढतात तशा, आणि पहार घेऊन डोंगर चढायला लागली. फळीनं आवाज केला नाही. माणूस चालला तरी हालत नाही, अशी बसवलेली होती.

माथ्याजवळ जाऊन ती उकिडवी बसली आणि सवयीनं खिळ्याची डोकी चाचपायला लागली. सेंट्रिंगच्या फळीत खिळा कधी पूर्ण ठोकत नाहीत. डोकं बोटभर वर ठेवतात, म्हणजे उतरवताना हातोडीच्या फटीत ते सापडतं, खिळा सरळ उपसून येतो, फळी चिरत नाही, पुढच्या कामाला जाते. प्रवीण तर आईच्या कंबरेला वाकायला लागू नये म्हणून काठाकडच्या खिळ्यांची डोकी जरा जास्तच वर ठेवायचा. जाईबाईनं या फळीवरून हात फिरवला. काही लागलं नाही. तिच्या शेजारची बघितली, तिच्या पुढची बघितली. आडवा तळहात करून ती सरकत सरकत उतारापर्यंत आली. फळ्या देवळातल्या दगडासारख्या गुळगुळीत होत्या.

"आक्का, काय झालं?" खालून शहादेवनं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच वर चढून आला. त्यानं चष्मा लावला, वाकून बघितलं, नखानं खरवडलं. खिळे होते. पण डोक्यावर लोखंडी सुंबा धरून, ठोकून त्यांची डोकी लाकडाच्या आत दाबली होती आणि वरून लांबी, म्हणजे पुट्टी, भरून घासून टाकली होती. शहादेवचं डोकं फिरलं.

"हे काय बे केलंय यानं?" मेलेल्या माणसावरच तो ओरडला. "माझ्या हाताखाली शिकला अन् असा खिळा ठोकला? आता काढायचं कसं हे? एक फळी साबूत निघायची न्हाई! सेंट्रिंगवाला असं ठोकतो व्हय कुठं?"

टोळीतले दोघे गडी घण टेकून खाली उभे होते. विजयसिंह पायथ्याशी आला.

"मी त्याला म्हणालो होतो. पुढं ट्रॅक बदलायचा झाला तर त्रास होईल, खिळे वर ठेव. तो ऐकेचना. म्हणाला, भैय्या, एक तरी काम असं करू द्या जे माझ्या मायला उपसावं लागणार न्हाई."

शेड एकदम मोठं झाल्यासारखं वाटलं. शहादेवनं चष्मा काढला आणि उगाच पुसत बसला. जाईबाई तिथंच, उताराच्या कडेला, मांडी घालून बसली. पहार तिच्या हातातून सुटली आणि घरंगळत खाली गेली. तिला रडू आलं ते हंबरडा फोडून नाही. ती फळीवर हात फिरवत राहिली, एकाच जागी, लेकराच्या पाठीवर फिरवतात तसा, आणि डोळ्यांतलं पाणी गळ्यापर्यंत येत राहिलं. आपण न येऊन काय केलं, हे तिला आज कळलं. आजवर वाटत होतं, पोराचं एक खेळणं बघायचं राहिलं. त्यानं तर उभ्या जन्मात आईसाठी एकच काम असं केलं होतं जे राहील, आणि तेच दाखवायला तो बोलवत होता. आणि ती म्हणत होती, धुणं पडलंय.

मग जाईबाईनं कधी केली नव्हती अशी गोष्ट केली. तिनं मोठ्या घरच्या माणसाकडं काही मागितलं.

"भैय्या," ती वरूनच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या की हे. बाकी समदं काढा. येवढं एका कोपऱ्यात ऱ्हाऊ द्या."

विजयसिंहानं तिच्याकडं बघितलं आणि मान फिरवली. "मावशी, माझ्या हातात असतं तर..." एवढंच बोलला. खोटं बोलत नव्हता. अख्ख्या तालुक्यात ज्याच्या बापाच्या शब्दावर माणसं उठतात-बसतात, त्याच्या हातात स्वतःचं एक शेडसुद्धा नव्हतं. गठाणींचे ट्रक यायची तारीख ठरून गेली होती. त्यानं बापाशी भांडून बघितलं होतं, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलंच होतं. जाईबाईनं पुन्हा म्हटलं नाही. एकदा मागून बघितलं, पुरे झालं.

इतका वेळ दाराशी विजयसिंहाची पुतणी संस्कृती सायकल धरून उभी होती. आठवीतली पोर, शाळेला दांडी मारून शेवटचा एक फेरा मारायला आली होती आणि ही माणसं बघून घुटमळली होती. तिनं काकाकडं बघितलं. काका खाली मान घालून उभा होता. तेव्हा ती सरळ डोंगरापाशी आली आणि मान वर करून म्हणाली, "आजी, मी एकदा चालवू? प्रवीणदादानंच शिकवलं होतं मला. तुम्ही जरा बाजूला बसा, नाहीतर लागेल."

शहादेव म्हणणार होता की पोरी, काम खोळंबलंय. जाईबाईनं त्याला हातानं गप्प केलं. ती उठली, डोंगर उतरली आणि विजयसिंहानं ठेवलेल्या त्या खुर्चीत जाऊन बसली. दोन्ही पाय जमिनीला टेकवून, हात मांडीवर ठेवून, लग्नाच्या मांडवात पाहुणी बसते तशी बसली.

संस्कृतीनं हेल्मेटचा पट्टा आवळला. पहिल्या लाटेवर तिनं पायडलच मारलं नाही. नुसतं अंग खालीवर केलं आणि सायकल एका लाटेवरून दुसरीवर आपोआप पळायला लागली. उभ्या वळणावर ती आडवी झाली, इतकी आडवी की जाईबाई खुर्चीतून अर्धी उठली, आणि तशीच सुर्रकन सरळ होऊन बाहेर आली. मग चढ. पोर वाकली, दात-ओठ आवळत माथ्यावर पोचली, तिथं क्षणभर थांबल्यासारखी झाली, आणि उतारावर सुटली. मधल्या तुटलेल्या जागेवर सायकल फळी सोडून वर उचलली गेली. दोन्ही चाकं हवेत. खाली काही नाही.

"परवीन, हळू रं!"

जाईबाई ओरडली आणि तिचा आवाज पत्र्यावर आपटून परत आला. सायकल पुढच्या फळीवर अलगद उतरली. लाकडाचा एकच खोल आवाज झाला. पोर फिरून खुर्चीसमोर येऊन थांबली, धापा टाकत, घामानं चिंब. आपल्याला दुसऱ्याच नावानं हाक मारली, हे तिच्या लक्षात आलं होतं, पण शहाणी पोर होती.

"असंच करायचा का तो?" जाईबाईनं विचारलं.

"त्याची उडी लई मोठी असायची, आजी. माझी एवढीशीच आहे. तो उतरताना हात सोडायचा."

"हात सोडायचा!" जाईबाई म्हणाली. हसली, आणि हसताना तोंड वेडंवाकडं होऊन पुन्हा रडली. तिनं पदरानं तोंड पुसलं. "बाई, आनखी एकदा जा. दमली नसशील तर."

संस्कृती आणखी एकदा गेली. मग आणखी एकदा. शेडातली माणसं उभी होती, घण जमिनीला टेकलेले, उन्हाची पट्टी दारातून आत सरकत आलेली. शेवटच्या फेऱ्याला पोरीचे पाय थरथरायला लागले तेव्हा जाईबाईनंच तिला बस म्हटलं, जवळ बोलावून तिच्या गालावरून हात फिरवून बोटं कपाळाशी मोडली, आणि डब्यातला शेंगदाण्याचा लाडू तिच्या हातावर ठेवला.

शेवटी शहादेवनं घसा खाकरला. मुकादमाचं काम कठीणच असतं. त्यानं खाली पडलेली पहार उचलली आणि खुर्चीपाशी आणून उभा राहिला.

"आक्का, मंग... सुरू करू या का? तुमी वरच्या फळ्या धरा, मी खालून..."

जाईबाईनं पहारेकडं बघितलं, पण हात पुढं केला नाही.

"तुमी करा सुरू, शहादेवभाऊ. माझी हजेरी लावू नका." तिनं पदर सावरला. "मी आज कामाला न्हाई आले. माझ्या पोरानं बोलवलं हुतं, बघायला आले."

शहादेव मागं फिरला. पहिला घाव त्यानं स्वतः घातला, गड्यांना घालू दिला नाही. फळी निघाली नाही, चिरली. दुसरी चिरली, तिसरी मधोमध फुटली. खिळा एकही सुटला नाही. विजयसिंह बाहेर जाऊन उभा राहिला, संस्कृती त्याच्या मागं गेली. जाईबाई खुर्चीतून हलली नाही. धूळ उडाली, खोकला आला, तो पदरात दाबला. डोंगराचा माथा गेला, मग वळण गेलं, मग लाटा गेल्या, आणि ऊन उतरेपर्यंत ती पापणी न लवू देता सगळं बघत बसली.